मिशांचा सूर्य

तुळजाक्काने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा माझ्या हातात भाताचा घास होता. पाठीत पळी बसली, घास पानावर पडला आणि वरून आवाज आला, "जेवूलागलास की खेळूलागलास?" रसमातली मिरी मी बोटाने बाजूला काढत होतो, एवढाच गुन्हा. पाठ चोळत तसाच बसलो आणि मला रडू आलं. पळीमुळे नव्हे. मद्रास सोडल्यापासून माझ्याशी कोणी मराठीत बोललं नव्हतं, आणि आता या मुलखात आपल्याला मराठीत कोणी रागावणारही नाही असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मी कराडकडचा. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढे एका नातेवाइकाच्या ओळखीने मद्रासला विलायती स्टोव्हच्या एजंटाकडे लागलो, आणि विशी ओलांडल्यावर त्यांनी पाने, पिना आणि वॉशरांची पेटी हातात देऊन मला कुंभकोणमच्या दुकानावर धाडलं. स्टोव्ह विकायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. मला कशाचीही धास्ती वाटायची. तमिळची, मालकाची, रस्ता चुकण्याची. अशा माणसाला देवळामागच्या गल्लीतली तुळजाक्काची खाणावळ सापडली हे त्याचं नशीब. तिच्यामुळे मी त्या गावात आणि त्या नोकरीत टिकलो. आज माझी मुलं पोटभर जेवतात त्यात तिचा वाटा आहे, असं मी आजही मानतो.

तिच्या घराण्यातले लोक तंजावरच्या मराठा राजांच्या चाकरीत होते. राज्य इंग्रजांनी खालसा केलं, चाकरी गेली, पिढ्या उलटल्या, नवराही गेला, आणि तुळजाक्काने जातं, पाटा आणि आवाज एवढ्या भांडवलावर खाणावळ घातली. तिकडे मराठी माणसांना रायर म्हणतात, म्हणून तमिळ लोक तिला 'रायर अम्मा' म्हणत. तिची मराठी माझ्या आजीच्या मराठीहूनही जुनी होती. तिला मात्र माझीच मराठी विचित्र वाटे. "तुझी भाषा म्हणजे घरातून पळून आलेल्या माणसाची," ती म्हणायची. "अर्धे शब्द वाटेंत टाकून आलास."

ती मारकुटी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मेलेल्या माणसाविषयी लिहिताना हात आपोआप गुळात बुडतो. पानात भात टाकणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या मानेला धरून तिने तो भात त्याला खायला लावलेला मी पाहिला आहे. उधारीवरून नव्हे, ताकाला नावं ठेवली म्हणून एका यात्रेकरूच्या छातीवर तिने उकळतं सांबार फेकलं होतं. तो तिरुनागेश्वरम्‌ला निघालेला माणूस, देवदर्शन राहिलं आणि वैद्याकडे गेला. मला ताप आला तेव्हा तिने माझं नाक दाबून काढा पाजला, मी थुंकल्यावर कानाखाली वाजवली, आणि मग पुन्हा पाजला. ताप उतरेपर्यंत माझ्या उशाशी बसून होती. डोळा उघडला की समोर तिचा हात दिसे, पंखा हलवणारा, आणि मी घाबरून पुन्हा डोळे मिटून घेई.

कुंभकोणम हे पितळेचं गाव. तिथे लहान पोरही घागर घेण्याआधी तिच्यावर बोट वाजवून पाहतं. तुळजाक्का त्या विद्येत गल्लीची पंच होती. कोणाच्या मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायची तर आधी तिला बोलावणं. मधल्या बोटाचं पेर ती भांड्यावर मारी, मान तिरकी करी आणि निकाल देई. "माणूस तोंडानें बोलतो, पात्र पोटानें बोलतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा एका फेरीवाल्याने भेगेला डाग दिलेली परात अख्खी म्हणून आणली. तिने वाजवली. म्हणाली, "ही रडूलागली." तो देवाची शपथ घेऊ लागला. तिने तीच परात त्याच्या कपाळावर मारली. भुवईवरून रक्त ओघळलं. "आतां ऐकूं आलं?" तिने विचारलं. पुढल्या आठवड्यात तो भुवईवर पट्टी बांधून चांगली परात घेऊन आला, आणि तिने त्याला जेवू घालून पाठवला.

घरात तिची सून होती, कमळी. मुलगा रामोजी नागपट्टणला रेल्वेच्या कारखान्यात होता. तो महिन्याकाठी येई, आईला आणि बायकोला भिऊन परत जाई. कमळी जवळच्या साक्कोट्टैची. अंगाने लहान चणीची, जिभेची तिखट. मला ती दारातच सांगे, "अण्णा, पळी कोणाच्या हातीं आहे तें पाहून आंत या." पण सगळ्यात जास्त मार तिलाच पडे. दूध ऊतू गेलं म्हणून, पाणी उशिरा तापलं म्हणून, उलट बोलली म्हणून. कधी उलट बोलली नाही म्हणून. मार देऊन झाला की दुसऱ्या दिवशी तुळजाक्का बाजारातून काहीतरी आणून तिच्यापुढे टाकायची. कधी मोगऱ्याचा गजरा, कधी बांगड्या. तोंडाने काही म्हणायची नाही. कमळीही गजरा माळायची आणि काही म्हणायची नाही.

त्या वर्षी कमळीला धुराने खोकला धरला. चुलीपुढे बसली की ढास लागायची. एके दिवशी ती भाताच्या पातेल्यावर खोकली, आणि तुळजाक्काने जळक्या लाकडाने तिच्या दंडावर मारलं. दुसऱ्या दिवशी ती स्टोव्ह आणायला निघाली.

मी त्या दिवसांत मायावरमला एका हॉटेलचे स्टोव्ह नीट करायला गेलो होतो आणि आमच्या दुकानाला कुलूप होतं. ती मोठ्या बाजारात गेली.

इथे आमच्या स्टोव्हची गोष्ट सांगायला हवी. त्याच्या टाकीवर सूर्याचा छाप होता. वाटोळा, गालफुगा, गुळगुळीत चेहऱ्याचा सूर्य, आणि खाली इंग्रजीत 'व्हेल्डन'. ते इंग्रजी कोणी वाचत नसे. गिऱ्हाईक येई ते 'सूरियन अडुप्पु' मागत येई, म्हणजे सूर्याची चूल. मोठ्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याने हे हेरलं आणि स्वतःचा स्टोव्ह काढला. त्यावरही सूर्य. खाली नाव 'वेल्टन'. फक्त त्याच्या सूर्याला पीळदार मिशा होत्या. आमचे स्टोव्हही तो घाऊक घेऊन ठेवी, आणि दोन्ही एकाच फळीवर मांडी, किंमतही जवळपास तीच ठेवी.

तुळजाक्काने सूर्याचा स्टोव्ह मागितला. त्याने फळीवरचे सगळे खाली काढून ठेवले. आणि तिने आयुष्यभर जे केलं तेच केलं. वाजवून पाहिले. यंत्रातून निघालेला माल सगळा सारखा असतो, त्यात उजवं-डावं नसतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या हिशेबी दहा घागरींत एक घागर चांगली असते आणि ती ओळखणाऱ्याने ओळखायची असते. आमची टाकी पातळ पत्र्याची, ठोकली तर डब्यासारखी वाजे. त्या व्यापाऱ्याची टाकी इथल्याच कारागिरांनी जाड पितळेची केलेली. ती देवळातल्या घंटेसारखी घुमली. ती कोणीही निवडली असती. मीसुद्धा, घागर म्हणून.

पण घागर पाणी नुसतं धरून असते. स्टोव्हच्या टाकीला आतून रेटा बसतो. त्या टाकीचा तळ कथलाने, साध्या घागरीसारखा सांधला होता.

कमळी पंप मारत असताना तो सांधा उघडला. पेटलेलं तेल तिच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर उडालं. तुळजाक्का मागच्या दारी होती. ती आत धावली आणि कमळीचं पेटलेलं लुगडं तिने नुसत्या हातांनी ओढून काढलं, तिला जमिनीवर पाडून तिच्यावर आडवी झाली. शेजाऱ्यांनी ओली पोती टाकली तेव्हा दोघींना एकमेकींपासून सोडवावं लागलं. मी मायावरमहून परतलो तर गल्लीत जळक्या केसांचा वास होता. मला दारातच थांबवून शेजारची बाई म्हणाली, "तुमचा सूरियन फुटला."

मी तुकडे पाहिले. मिशा पाहिल्या. तुळजाक्काला सांगितलं की हा आमचा नव्हे, दुसऱ्याने नक्कल केलेला आहे. तिचे दोन्ही हात केळीच्या पानात गुंडाळलेले. 

"सूर्य तर होता," ती म्हणाली.

"होता, पण दुसरा."

"सूर्य दुसरा कोठून येतो रे?"

मग ती उठली. कोपऱ्यातलं मुसळ बोटांनी धरता येईना म्हणून दोन्ही कोपरांत दाबून धरलं आणि चालू लागली. मी मागोमाग धावलो. मोठ्या बाजारात त्या दुकानाच्या काचेच्या कपाटांवर तिने ते मुसळ अंगाच्या झोक्याने फिरवलं. काचा रस्त्यावर आल्या. व्यापाऱ्याचा कारकून अडवायला गेला, त्याचे पुढचे दात पडले. केळीची पानं सुटून तिच्या हातांची सालं लोंबत होती आणि ती फळीवरचे सूर्य एक एक करून खाली पाडत होती. मिशांचेही पाडले, आमचेही पाडले. शेवटी पोलिसांनी तिला खांद्यांना धरून उचलून नेलं, कारण हातांना धरण्याची सोय नव्हती.

व्यापारी हुशार. त्याने काचांची फिर्याद रेटली नाही. त्याने बाजारात एक वाक्य सोडून दिलं: स्टोव्ह फुटला नाही, सासूनेच तेल ओतलं. गल्लीने ती पळी ऐकलेली होती, दंडावरचे डाग पाहिले होते. विश्वास ठेवायला लोकांना वेळ लागला नाही. पोलिसांनी कमळीलाच विचारलं, तिने स्टोव्ह फुटला असं सांगितलं आणि कागद बंद झाला. लोकांचं तोंड बंद झालं नाही. खाणावळीतली पानं कमी होत गेली.

ते वाक्य साक्कोट्टैलाही पोचलं. कमळीचा थोरला भाऊ नागोजी दोन माणसं घेऊन आला. आल्या आल्या त्याने चुलीवरची पातेली रस्त्यावर भिरकावली, तुळजाक्काच्या केसांना धरून तिला खांबावर आपटलं. मी मध्ये पडलो तर मलाही एक बसली. तुळजाक्काने हात वर केला नाही. डोक्यातून रक्त येत असताना ती एवढंच म्हणाली, "मार. पण आवाज नको करूंस, ती आतां कोठें निजली आहे."

आवाजाने कमळी जागी झालीच होती. आतून तिचा घोगरा आवाज आला, "दादा, स्टोव्ह फुटला. आत्यानें मज ओढून काढलं."

त्यांच्यात सासूला आत्या म्हणतात. नागोजीचा हात थांबला. तो आत जाऊन बहिणीपाशी बसला, तिचा चेहरा पाहून बाहेर आला. तो तुळजाक्काला म्हणाला, "जाळलं नाही तें मानलं. पण लोक म्हणतात तुम्ही हिला मारत होतां. एकदां जरी हात लावला असेल तरी मी हिला घेऊन जाईन. बोला."

"नाही मारलं," आतून कमळी म्हणाली.

तुळजाक्का गप्प राहिली. नागोजी गेला.

त्यानंतरचे महिने तिने कमळीची जी सेवा केली ती मी पाहिली. स्वतःच्या बोटांना पेला धरता येत नव्हता. मनगटांच्या बेचक्यात वाटी धरून ती तिला पेज पाजायची. जखमांवर लोणी लावायला शेजारणीला बोलवायची आणि तिचा हात जरा जड पडला की तिला शिव्या घालायची. कमळीला उन्हाची झळ सोसत नसे, तशी तिने खिडकी कायमची झाकली. "सून गेली तर मज कोण उलट बोलेल?" असं ती एकदा माझ्याशी बोलली. तिच्या तोंडून याहून मऊ वाक्य मी ऐकलं नाही.

इकडे आमच्या कंपनीने त्या व्यापाऱ्यावर दावा लावला, की आमच्या छापासारखा छाप करून हा गिऱ्हाइकांना फसवतो. दाव्याला फसलेलं गिऱ्हाईक हवं होतं. मद्रासचा बॅरिस्टर आला आणि मला म्हणाला, त्या बाईला आण. तुळजाक्काने मला हाकलून दिलं. "मज कोणी फसवलं नाहीं. माझ्या कानांना फसवणारा जन्मायचा आहे." मी पुन्हा विचारलं नाही. मग इन्नंबूरला तसाच एक स्टोव्ह फुटून एक स्वयंपाकीण जागच्या जागी मेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी जेवताना माझ्या पानाशी येऊन ती म्हणाली, "तुझ्या बालिस्टराला सांग, मी येतें."

कोर्टात जाण्यापूर्वी बॅरिस्टराने तिला बजावलं, "ते सुनेच्या मारहाणीचं विचारतील. नाही म्हणा. शेजाऱ्यांचा पुरावा त्यांच्याकडे नाही, मी चौकशी केली आहे." तिने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. नागोजी आधीच मागच्या बाकावर येऊन बसला होता.

समोरच्या वकिलाने गोड सुरुवात केली. "रायर अम्मा, डोळे ठीक आहेत ना?"

"तुमच्या कानांतले केस दिसतात, एवढे ठीक आहेत."

"मग सूर्याला मिशा आहेत हे दिसलं नाही?"

"दिसलं की. सूर्याला मिशा असतातच. देवळांत जाऊन पाहा. बिनमिशांचा पाहिला तेव्हांच मज वाटलं, हें कोणाचं पोर."

"म्हणजे दोन वेगळे छाप आहेत हे तुम्हाला कळलं होतं."

"वेगळे कसे? मज वाटलं एकाच घरचे. बाप आणि लेक."

कोर्ट हसलं. आमचा बॅरिस्टर तर खुशीत आला, कारण त्याला कायद्याच्या भाषेत जे सिद्ध करायचं होतं ते हेच होतं. जज्जसाहेबांनी दोन नवे स्टोव्ह तिच्यापुढे ठेवायला लावले आणि विचारलं, आज घ्यायचा झाला तर कोणता घ्याल.

तिने छापाकडे पाहिलंच नाही. आखडलेलं मधलं बोट कसंबसं पुढे काढून तिने एक टाकी वाजवली, मग दुसरी. मान तिरकी केली. मग बोट ठेवलं. "हा."

बोट मिशांच्या सूर्याच्या टाकीवर होतं.

 तिने आमच्या बॅरिस्टराचा चेहरा पाहिला, मग माझा, मग स्टोव्ह फिरवून छाप पाहिला. कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा तिचा चेहरा झाला. इतक्या लोकांना मारलेल्या त्या बाईला मार लागलेला मी तेव्हा पाहिला. खांबावर आपटली तेव्हाही असा लागला नव्हता.

एकदा पोळलेलं गिऱ्हाईक पुन्हा तोच स्टोव्ह उचलतं हे जज्जसाहेबांनी पाहिलं होतं; समोरच्या वकिलाने ओळखलं की दावा हातचा गेला. त्याने शेवटचं हत्यार काढलं. "तुम्ही सुनेला मारत होता, हे खरं?"

बॅरिस्टर हरकत घ्यायला उठला. जज्जसाहेबांनी त्याला बसवलं.

तुळजाक्काने मागच्या बाकाकडे पाहिलं. नागोजी पुढे वाकून बसला होता.

"होय," ती म्हणाली.

"कशाने?"

"हातीं येईल त्यानें. पळीनें. लाकडानें."

"मग तुम्हीच तिला जाळली नाही कशावरून?"

"जाळायचं असतं तर घरांत चूल होती. स्टोव्ह कशाला आणला असता? तो तिच्या खोकल्यासाठीं आणला, मीच वाजवून आणला." तिला दम लागला. "मारलं तें मी. जाळलं तें ह्यानें. माझं तें माझ्या पदरांत घाला, ह्याचं तें ह्याच्या."

निकाल त्याच दुपारी लागला, दावा आम्ही जिंकलो. त्या व्यापाऱ्याला सूर्य काढायला बंदी झाली. कोर्टाच्या आवारात त्याचे स्टोव्ह घणाने फोडले, ओळख पटवायला मला उभं केलं होतं. लोक प्रत्येक घावाला टाळ्या देत होते. तुळजाक्का ते पाहायला थांबली नाही. ती आधीच घरी गेली होती, कमळीचं बोचकं बांधायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजी गाडी घेऊन आला. भाताची पोती वाहायची उघडी गाडी, वर टप नाही. रामोजी नागपट्टणहून आला होता, तो ओसरीवर मान खाली घालून बसून राहिला. नागोजीने त्या दिवशी कोणाला हात लावला नाही, कोणाशी बोललाही नाही. बहिणीला धरून त्याने गाडीत पेंढ्यावर बसवलं. उन्हं चांगली चढली होती.

कमळीने सासूकडे पाहिलं. अर्धा चेहरा आवळून गेला होता, त्यामुळे ती रागावली आहे की रडते आहे ते कळत नव्हतं. "जातें, आत्या," ती म्हणाली. येतें म्हणाली नाही.

 तुळजाक्का घरात गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. गाडी हलली, गल्लीच्या तोंडाशी पोचली, तेवढ्यात ती बाहेर आली. तिच्या मनगटांवर एक ओलं धोतर होतं, पाणी ठिबकत होतं. ती झपझप गाडीला गाठून उन्हाच्या बाजूला गेली आणि दोन्ही हात वर करून ते धोतर तिने कमळीच्या जळक्या गालाच्या बाजूला पडद्यासारखं धरलं. बोटं वळत नव्हती, म्हणून कापड मनगटांवरच तोललेलं. तशीच ती गाडीबरोबर चालू लागली.

"पुरे. घरीं जा," नागोजी बैलांवरून नजर न हटवता म्हणाला.

ती गेली नाही. त्याने पुन्हा सांगितलं नाही. फक्त कासरा जरा ओढून धरला आणि बैलांची चाल मंद केली.

त्या महिन्यात माझी बदली मदुरेला झाली, आणि मला ती त्यानंतर दिसली नाही. मला शेवटची दिसली ती साक्कोट्टैच्या रस्त्यावर, हात डोक्याच्या वर, पाठीवर पाण्याचे ओघळ. कमळी समोर पाहत होती. रस्ता वळला तिथपर्यंत ते कापड खाली आलेलं नव्हतं.